एका घड्याळावर दोन लयी

पेटी आहे पण ठेका धरणारे कोणी नाही, अशा शाळा आपल्याकडे पुष्कळ आहेत. स्नेहसंमेलन जवळ आले की समूहगीत बसवायचे असते, आणि गुरुजी किंवा बाई एका हाताने भाता चालवीत, दुसऱ्या हाताने सूर धरीत, पायाने ताल देत मुलांना हाकीत असतात. आता त्याच शाळेच्या एका खोलीत संगणकही येऊन बसला आहे. मग कोणीतरी उत्साही तरुण सांगतो, "गुरुजी, ठेक्याची मिडी फाईल घ्या, गाण्याची दुसरी घ्या, दोन्ही एका ठिकाणी लावा. झालं काम!"

गुरुजी तसे लावतात. ठेक्याची फाईल मुळात मिनिटाला १२० मात्रांची, चांगली ठसक्याची. गाणे मिनिटाला ८० मात्रांचे. दोन्ही एकाच पडद्यावर आणताच ठेक्याचा ठसका जातो आणि तोही ८० च्या चालीने पाय ओढू लागतो. बरे, गती १२० करावी तर ठेका खूश, पण गाणे धावत सुटते आणि चौथीची मुले शब्द गिळू लागतात. गुरुजी शोधशोध शोधतात, पण ठेक्याच्या ट्रॅकपुढे आवाज कमीजास्त करायची खुंटी आहे, गती कमीजास्त करायची खुंटी काही दिसत नाही.

ती का दिसत नाही आणि तिच्यावाचून काम कसे करायचे, हे मी आज तुम्हांला सांगणार आहे. बोटे मोजून व्यवहारी अपूर्णांक येणाऱ्या कोणालाही हे जमेल.

आधी मिडी म्हणजे काय ते पाहू. १९८३ साली निरनिराळ्या कारखान्यांच्या विजेवरच्या वाद्यांनी एकमेकांशी बोलावे म्हणून एक सामाईक बोली ठरली, तिचे नाव मिडी. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या एका व्यापारी मेळाव्यात, एक अमेरिकन आणि एक जपानी, अशी दोन वाद्ये तारेने जोडून दाखवण्यात आली. एकावर बोट ठेवले की दुसरे वाजत होते. पुढे १९८८ मध्ये ही बोली फाईलमध्ये लिहून ठेवण्याची रीत ठरली. लक्षात घ्या, या फाईलमध्ये आवाज नसतो. "हा सूर आता दाब, इतक्या जोराने दाब, आता सोड," एवढ्या सूचनाच काय त्या असतात. आवाज काढणारे यंत्र वेगळे. म्हणून मिडीची गती वाढवली तरी सूर चढत नाही. जुनी तबकडी चुकीच्या वेगावर लावली की गवयाचा आवाज चिरका होतो, तसे इथे होत नाही. कारण बदलते ते सूचनांमधले अंतर, सूर नव्हे.

आता खरी गोम. सूचना केव्हा पाळायची, ते फाईल सेकंदांत लिहीत नाही, मात्रांत लिहिते. एका मात्रेचे बारीक भाग पाडलेले असतात, त्यांना टिक म्हणतात. पुष्कळ सॉफ्टवेअरांत मात्रेचे ४८० टिक असतात. पहिला सूर शून्य टिकवर, दुसरी मात्रा ४८० वर, तिसरी ९६० वर. आणि मात्रा किती वेळाची, हे सांगणारे घड्याळ वेगळे असते. मिनिटाला १२० मात्रा म्हणजे मात्रेला अर्धा सेकंद. ८० मात्रा म्हणजे पाऊण सेकंद. फाईलमध्ये गती लिहिलेलीच नसेल तर १२० धरायची, असा संकेत आहे. नेहमीच्या अनेक ट्रॅकांच्या फाईलमध्ये हे घड्याळ एकच असते आणि ते पहिल्या ट्रॅकमध्ये टांगलेले असते. बाकीचे सगळे ट्रॅक त्याच्याकडे पाहून चालतात. ज्यात प्रत्येक ओळीला स्वतःचे घड्याळ ठेवता येईल असा एक प्रकार १९८८ च्या रीतीत सांगितलेला आहे, पण तो वापरात फारसा आलाच नाही.

शेतातले उदाहरण घेऊ. ज्वारीत तुरीच्या ओळी टाकलेल्या तुम्ही पाहिल्या आहेत. ज्वारीची ताटे जवळजवळ, तुरीची झाडे लांब लांब. तुम्ही शेजारून एकाच चालीने चालत गेलात, तर ज्वारीची ताटे भराभर मागे पडतात आणि तुरीची झाडे सावकाश येतात. चालणारे पाय एकच, तरी एक ओळ द्रुत आणि दुसरी विलंबित. तुम्ही पायांची चाल वाढवलीत तर दोन्ही ओळी सारख्याच प्रमाणात भराभर जातील. एकट्या तुरीची लय वाढवायची असेल तर पाय उचलून उपयोग नाही, तूर दाट पेरली पाहिजे.

घड्याळ म्हणजे तुमचे पाय आणि सूर म्हणजे रोपे. एका ट्रॅकची गती बदलणे म्हणजे त्या ट्रॅकमधले सूर दाट किंवा विरळ पेरणे. याहून वेगळा मंत्र त्यात नाही.

आता गुरुजींच्या ठेक्याचा हिशेब करू. घड्याळ गाण्याचे, म्हणजे ८०. ठेका मात्र १२० नेच वाजला पाहिजे. मग ठेक्यातल्या प्रत्येक सुराची जागा ८० भागिले १२०, म्हणजे दोन तृतीयांश करायची. जो ठोका ४८० टिकवर होता तो ३२० वर येईल, ९६० चा ६४० वर, १४४० चा ९६० वर. इथे गोंधळ होतो तो उलट्या प्रमाणाचा. गती दीडपट हवी म्हणून जागेला दीडाने गुणले तर ठेका आणखी सुस्त होईल. गती वाढली की अंतर कमी होते, हे काम-वेळ-मजुरांच्या गणितासारखे आहे. शिक्षकांना ते वेगळे सांगायला नको.

हाताने एकेक सूर हलवत बसायचे कारण नाही. बहुतेक सॉफ्टवेअरांत ट्रॅकचा तुकडा निवडून तो ताणायची किंवा आवळायची सोय असते. काहींत टक्के विचारतात, तिथे ६६ लिहून थांबू नका, जितके दशांश घेईल तितके लिहा. क्यूबेस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ट्रॅकला एक छोटे बटण असते. त्यावर सुराची खूण असली तर ट्रॅक मात्रांना बांधलेला, घड्याळाची खूण असली तर सेकंदांना बांधलेला. ठेका आधी १२० वर नीट बसवावा, मग त्याचे बटण घड्याळाच्या खुणेवर न्यावे आणि त्यानंतर मुख्य गती ८० करावी. गाणे सावकाश होते, ठेका जागचा हलत नाही. रीपरमध्ये मिडीच्या तुकड्याला 'मुख्य गतीकडे लक्ष देऊ नकोस, ही गती धर' असे सांगता येते. फुकट मिळणाऱ्या म्यूझस्कोरमध्ये स्वरलिपी लिहून वाजवता येते, पण तिथे गतीची सूचना सगळ्या ओळींना लागू होते. एका ओळीची लय निराळी हवी तर दोन मात्रांच्या जागेत तीन सूर, अशी लिहूनच दाखवावी लागते. मला ही पद्धत शिकण्यासाठी सगळ्यांत चांगली वाटते, कारण काय चालले आहे ते डोळ्यांना दिसते.

गती बदलली, ठेका पुन्हा ठसक्यात आला. पण आता त्याहून मोठा प्रश्न. सम कुठे आहे?

गाणे आणि ठेका दोन्ही आठ मात्रांच्या केरव्यात आहेत असे धरा. गाण्याच्या दोन मात्रांत ठेक्याच्या तीन मात्रा जातात. गाण्याचे एक आवर्तन पुरे होते तेव्हा ठेक्याचे दीड झालेले असते. गाण्याची सम येते आणि ठेका मध्यावर उभा! दुसरे आवर्तन संपते तेव्हा ठेक्याची तीन आवर्तने होतात आणि दोघांच्या समा एकमेकींना भेटतात. घड्याळ लावून पाहा, गाण्याच्या १६ मात्रा पाऊण सेकंदाने १२ सेकंद, ठेक्याच्या २४ मात्रा अर्ध्या सेकंदाने १२ सेकंद. जाणकार गवई याला आड म्हणतो आणि ती तोलून दाखवण्यात त्याचे कसब असते. चौथीच्या मुलाला मात्र दर दुसऱ्या समेला जमीन पायाखालून सरकल्यासारखी वाटते.

समजा गुरुजींनी ठेका ९६ वर ठेवला. ८० आणि ९६ म्हणजे पाचास सहा. गाण्याच्या पाच आवर्तनांत ठेक्याची सहा, दर ३० सेकंदांनी भेट. आणि समजा कोणी हौसेने ९७ केला! एकाचा फरक, काय बिघडते? बिघडते असे, की त्या दोन समा पुन्हा जुळतात त्या आठ मिनिटांनी. तोवर गाणे संपून आभारप्रदर्शन सुरू झालेले असेल. पडद्यावर ९६ आणि ९७ शेजारी शेजारी दिसतात, कानाला त्यांच्यात फार मोठी दरी आहे.

माझे मत विचाराल तर मुलांच्या गाण्यामागे ठेका बराबरीचा ठेवावा, नाहीतर सरळ दुगुन करावी. दुगुनीत जागा अर्ध्या होतात आणि गाण्याच्या प्रत्येक समेवर ठेक्याची सम हजर असते. आपली भजनी मंडळी रंग भरला की हेच करतात. अभंगाची चाल तीच राहते आणि पखवाज दुप्पट दाट होतो. ठसका हवा होता, तो असाही मिळतो. दीडपट, सव्वापट हे अभ्यासासाठी राखून ठेवावे.

ज्याने हा अभ्यास जन्मभर केला अशा एका माणसाची गोष्ट सांगतो. कॉनलॉन नॅन्करो त्याचे नाव. १९१२ साली अमेरिकेत जन्मला. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने लढला, आणि १९४० मध्ये मेक्सिको शहरात जाऊन राहिला. त्याच्या डोक्यात घोळत होते ते असे संगीत, की ज्यात दोन-तीन ओळी निरनिराळ्या गतींनी एकाच वेळी चालतील. तसे वाजवणारी माणसे त्याला मिळेनात. हेन्री कॉवेल या संगीतकाराच्या १९३० च्या पुस्तकात त्याने वाचले होते, की असली लय आपोआप वाजणाऱ्या पियानोकडून करून घेता येईल. या पियानोत कागदाची लांब गुंडाळी फिरते, कागदाला भोके असतात आणि जिथे भोक येईल तिथे सूर वाजतो. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन त्याने असा पियानो आणि भोके पाडायचे यंत्र मिळवले, आणि पुढची कित्येक वर्षे तो मेक्सिकोत बसून हाताने भोके पाडीत राहिला. काही मिनिटांच्या रचनेला महिनोन् महिने लागत.

आता पाहा, कागद फिरतो एकाच चालीने. म्हणजे घड्याळ एक. नॅन्करोने गती बदलल्या त्या भोकांमधली अंतरे बदलून. आपल्या ज्वारी-तुरीचाच न्याय. त्याच्या ३६ क्रमांकाच्या रचनेत चार ओळी १७, १८, १९, २० या प्रमाणातल्या गतींनी एकच चाल वाजवतात. सगळ्यांत सावकाश ओळ आधी निघते, बाकीच्या एकेक करून मागून येतात, नेमक्या मध्यावर चौघींची गाठ पडते, आणि तिथून पुढे जी सगळ्यांत उशिरा निघाली तीच आधी पोचते. २१ क्रमांकाच्या रचनेत एक ओळ हळूहळू वेग घेत जाते आणि दुसरी त्याच वेळी वेग सोडत जाते. त्यांच्या वाटा मध्ये एकमेकींना छेदतात. ३७ क्रमांकाच्या रचनेत तर बारा गती आहेत. पुढे त्रिंपिन नावाच्या जर्मन वंशाच्या कलावंताने नॅन्करोच्या गुंडाळ्या यंत्राने वाचून मिडीत उतरवून घेतल्या. भोके टिकांत लिहिली गेली, आणि त्यात मुळीच ओढाताण करावी लागली नाही, कारण कागद आणि मिडी फाईल या मुळात एकाच जातीच्या वस्तू आहेत. नॅन्करो १९९७ मध्ये वारला.

या गोष्टीतून मला महत्त्वाचे वाटते ते हे, की नॅन्करोने गती ठरवण्याबरोबरच भेटीची जागा ठरवली. ती सुरुवातीला असेल, मध्यावर असेल, शेवटी असेल, पण ठरलेली असेल. संगणकावर गती बदलायला एक क्षण लागतो, म्हणून भेटीची जागा ठरवायचे राहून जाते. गुरुजी, तुम्ही ट्रॅक ताणण्याआधी कागदावर दोन आडव्या रेघा काढा, मात्रा मांडा आणि समा कुठे जुळतात तिथे फुली मारा. मग संगणकाला हात लावा.

आता काही खाचखळगे. पहिला असा, की ताणलेल्या सुरांवर 'क्वांटाइझ' नावाची आज्ञा चालवू नका. ही आज्ञा प्रत्येक सुराला ओढून जवळच्या ठराविक रेघेवर बसवते. आपला ३२० वरचा ठोका पाव मात्रेच्या रेघांवर बसवला तर ३६० वर जातो, ६४० चा ६०० वर येतो. मुळात सगळी अंतरे ३२० ची सारखी होती, ती आता ३६०, २४०, ३६० अशी झाली. म्हणजे दीडपट लय गेली आणि ठेका लंगडू लागला.

दुसरा खळगा मींडेचा. मिडीमध्ये मींड ही स्वतंत्र सूचना असते, सुरापासून वेगळी लिहिलेली. पियानोच्या पायपट्टीची दाब-सोडही तशीच. तुम्ही फक्त सूर आवळलेत आणि या सूचना होत्या तिथेच राहिल्या, तर गंधाराची मींड भलत्याच सुरावर जाऊन पडते. म्हणून ट्रॅकमधले सगळे काही एकत्र निवडूनच ताणावे. जाता जाता सांगतो, १९९१ मध्ये वाद्यांची जी १२८ आवाजांची सामाईक यादी ठरली, तीत सतार आहे, सनई आहे, तबला मात्र नाही! तबल्याचा आवाज वेगळा मिळवावा लागतो.

तिसरा खळगा गणिताचा आहे आणि वरच्या वर्गांना शिकवण्याजोगा आहे. ४८० या आकड्याला दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो, म्हणून तो सोयीचा. साताने मात्र जात नाही. मात्रेत सात ठोके बसवायचे तर अंतर येते ६८ पूर्णांक चार सप्तमांश, आणि टिक तर अर्धामुर्धा नसतो. तुम्ही प्रत्येक अंतर ६९ धरलेत तर दर ठोक्याला तीन सप्तमांश टिक जास्त. फार नाही, कानाला कळतसुद्धा नाही. पण शंभर मात्रांत ७०० ठोके होतात आणि चूक साचत साचत ३०० टिकांवर जाते, अर्ध्या मात्रेपेक्षाही जास्त. १२० च्या गतीत हे अवघ्या ५० सेकंदांत घडते. यावर उपाय एकच, अंतरे गोळा करीत जाऊ नका. प्रत्येक ठोक्याची जागा सुरुवातीपासून मोजा आणि मग पूर्णांक करा. तसे केले तर कुठलाही ठोका अर्ध्या टिकापेक्षा जास्त चुकत नाही. शेत मोजताना साखळी दर वेळी मागच्या खुणेपासून टाकली की चूक साचते, पहिल्या दगडापासून मोजले की साचत नाही, तसेच हे.

मुलांचा गायलेला आवाज त्याच फाईलीशेजारी ध्वनिमुद्रित करून ठेवला असेल, तर वरचे काहीच त्याला लागू नाही. तो आवाज आहे, सूचना नव्हे. सॉफ्टवेअर त्यालाही ताणून देते, पण थोडेच. फार ताणला की घोगरा आणि पाणीदार होतो. म्हणून आधी गती पक्की करावी, मग मुलांना गाऊ द्यावे.

आणि ती गती कशी पक्की करायची? संगणक बंद ठेवून. मुलांना वर्गात ठेक्यावाचून दोनदा गाऊ द्या आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे कान द्या. तो शब्द न गिळता, श्वास न तोडता गातो ती गती धरा. हातात घड्याळ घेऊन १५ सेकंदांत किती टाळ्या पडतात ते मोजा, चाराने गुणा. २० टाळ्या आल्या तर ८०. हा आकडा मुख्य घड्याळात लिहा. ठेक्याला त्याच्या दुप्पट दाट करून पाहा. मूळ फाईल दुसऱ्या नावाने जपून ठेवा, आणि नवी फाईल लावून मुलांबरोबर फक्त टाळ्या वाजवा, शब्द नकोत. प्रत्येक आठव्या मात्रेनंतरच्या समेवर सगळ्यांची टाळी एकत्र पडली तर त्या दिवसापुरते काम झाले. न पडली तर पुन्हा त्या दोन रेघांच्या कागदाकडे जायचे आणि फुली कुठे मारली होती ते पाहायचे.